पोटगीचा हिशेब चुकीच्या प्रश्नापासून सुरू होतो

पोटगीच्या दाव्यात नवरा आणि बायको दोघंही एकाच महिन्यात गरीब होतात. ज्याचा पगार लग्न ठरवताना दोन-चार हजारांनी वाढवून सांगितला गेला होता, त्याच्या डोक्यावर अचानक गृहकर्ज, आईचं औषधपाणी आणि मित्राकडून घेतलेले हातउसने पैसे येऊन बसतात. जी कालपर्यंत घरी शिकवण्या घेत होती, तिच्या शपथपत्रात ‘उत्पन्नाचं कोणतंही साधन नाही’ हे ठरावीक वाक्य येतं. मग उलटतपासणी. तिला विचारतात, तुमचं बी.एड. झालंय ना, मग नोकरी का करत नाही? त्याला विचारतात, पगार कमी झाला म्हणता, मग गेल्या वर्षी नवी गाडी कुठून आली?

दोघांना खोटारडे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला दोष प्रश्नाचा वाटतो. आपला कायदा मुळात दोनच गोष्टी विचारतो : हिला स्वतःचं भागवता येतं का, आणि त्याला किती देणं झेपेल? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ दिल्याशिवाय तिच्या हाती काही लागत नाही, दुसऱ्याचं उत्तर ‘फारसं नाही’ दिल्याशिवाय त्याचं काही वाचत नाही. खोटं बोलणाऱ्याला बक्षीस आणि खरं बोलणाऱ्याला दंड, अशी ही रचना. या लग्नामुळे दोघांच्या कमावण्याच्या ताकदीचं काय झालं, हा तिसरा प्रश्नही निकालपत्रांत येतो, पण बहुधा एखाद्या परिच्छेदापुरता. माझं म्हणणं असं की सुरुवात तिथून व्हायला हवी.

कायद्याची रचना अशी का झाली हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं कलम इंग्रजांच्या काळापासून आहे, आणि त्याचा हेतू घटस्फोटितेला न्याय देणं हा नव्हताच. टाकून दिलेली बायको आणि मुलं रस्त्यावर येऊ नयेत, त्यांचा भार समाजावर पडू नये, एवढीच सरकारची काळजी. १९७३ च्या संहितेत ते कलम १२५ झालं. पोटगीची कमाल मर्यादा महिना ५०० रुपये होती, आणि केंद्राच्या कायद्यातून ती जायला २००१ साल उजाडावं लागलं. १ जुलै २०२४ पासून तेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आलं आहे. कलमाचा आकडा बदलला, ‘स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ’ ही अट राहिली.

शाहबानो खटल्याची आठवण आपल्याकडे नेहमी धर्माच्या आणि राजकारणाच्या वादासाठी काढली जाते. त्यातले पैशांचे आकडे फारसं कुणी बघत नाही. इंदूरच्या या बाईंचं लग्न १९३२ चं, नवऱ्याने घराबाहेर काढलं १९७५ मध्ये. म्हणजे ४३ वर्षांचा संसार. नवरा वकील, त्याची वकिलीची कमाई वर्षाला सुमारे ६०,००० रुपये असल्याचं शाहबानोंचं म्हणणं. दंडाधिकाऱ्यांनी पोटगी किती ठरवली? महिना २५ रुपये. उच्च न्यायालयाने ती वाढवून १७९ रुपये २० पैसे केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये कायम केली ती ही रक्कम. तिच्याभोवती देश ढवळून निघाला, मुस्लिम घटस्फोटितांसाठीचा १९८६ चा कायदा आला, २००१ च्या डॅनियल लतीफी निकालाने त्याचा अर्थ रुंदावला आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की कलम १२५ मुस्लिम घटस्फोटितेलाही लागू आहे. पण ४३ वर्षांच्या संसाराचा मोबदला १७९ रुपये २० पैसे कसा, हा वाद त्या गदारोळात झालाच नाही. कारण कायद्याच्या लेखी तो मोबदला नव्हता. उपाशी राहू नये म्हणून दिलेली ती रक्कम होती.

हिंदू विवाह कायदा १९५५ थोडा उदार आहे. कलम २४ खाली दावा चालू असताना, कलम २५ खाली निकालानंतर कायमची पोटगी मागता येते, आणि दोन्ही कलमं नवऱ्यालाही खुली आहेत. नांदेडच्या एका खटल्यात शिक्षिका असलेल्या बायकोने घटस्फोटित नवऱ्याला महिना ३,००० रुपये अंतरिम पोटगी द्यावी, हा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये कायम ठेवला तेव्हा बातम्यांतून आश्चर्य ओसंडत होतं. कायदा १९५५ पासून हेच म्हणत होता. कलम २५ मध्ये उत्पन्न, मालमत्ता, दोघांचं वर्तन आणि ‘इतर परिस्थिती’ पाहायला सांगितलं आहे. त्या ‘इतर परिस्थिती’त काय मावतं आणि काय नाही, हे प्रत्येक न्यायाधीश आपापल्या अनुभवाने ठरवतो.

इथे पंचवीस टक्क्यांची गोष्ट सांगायलाच हवी. ‘नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के’ हा नियम असल्यासारखा फॅमिली कोर्टाच्या आवारात कुणीही तुम्हाला सांगेल. तो आला आहे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या कल्याण डे चौधरी निकालातून. त्या खटल्यात नवऱ्याचा निव्वळ पगार ९५ हजारांच्या वर होता, उच्च न्यायालयाने २३,००० रुपये ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २५ टक्के योग्य असं म्हटलं, ते २३,००० योग्यच होते असंही म्हटलं, आणि मग नवऱ्याने दुसरं लग्न केलं आहे, त्याला मूल आहे, म्हणून रक्कम २०,००० वर आणली. म्हणजे ज्या निकालाचा दाखला देऊन पंचवीस टक्के मागितले जातात, त्या निकालातही शेवटी पंचवीस टक्के मिळाले नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये वेगळी वाटणी सुचवली होती : कुटुंबाच्या उत्पन्नाचे भाग पाडायचे, कमावणाऱ्याला दोन, बाकी प्रत्येकाला एकेक. दोन्ही पद्धती वाईट नाहीत. पण लग्न दोन वर्षांचं की बावीस वर्षांचं, हे दोन्हींत कुठेच येत नाही.

नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल आज या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मानला जातो, आणि तो आपल्या नागपूरच्या फॅमिली कोर्टातून वर गेला. बायकोने स्वतःसाठी आणि मुलासाठी अर्ज केला सप्टेंबर २०१३ मध्ये. कायदा म्हणतो, अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. आदेश आला ऑगस्ट २०१५ मध्ये : तिला महिना १५,००० आणि मुलाला आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये. नवरा उच्च न्यायालयात गेला, तिथे हरला, मग सर्वोच्च न्यायालयात. अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या, पोटगीचा वाद सात वर्षं चालला. न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी त्या निमित्ताने देशभरच्या कोर्टांसाठी नियम घालून दिले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. वेगवेगळ्या कायद्यांखाली मिळालेल्या रकमा एकमेकींत वळत्या करायच्या. आणि दोघांनीही मालमत्ता, उत्पन्न, कर्ज, खर्च उघड करणारं शपथपत्र द्यायचं.

ते शपथपत्र एकदा वाचून पाहण्यासारखं आहे. शेती नसलेल्यांसाठी एक नमुना, शेतकरी कुटुंबासाठी दुसरा, मेघालयसाठी तिसरा. शेतकऱ्याच्या नमुन्यात जमीन किती, कोणत्या प्रकारची, पीक काय, दुभती जनावरं आहेत का, कुक्कुटपालन, मत्स्यपालन, अगदी मधमाशीपालनही विचारलं आहे. कोर्टाला खेडं कळतं याचा हा पुरावा. तरी आपल्याकडची खरी अडचण त्या रकान्यांच्या पलीकडे राहते. सात-बारा सासऱ्यांच्या नावावर, ऊसबिल सासऱ्यांच्या खात्यावर, ट्रॅक्टर दिराच्या नावावर, आणि नवरा कागदोपत्री घरचा बिनपगारी गडी. खोटं शपथपत्र न करताही त्याला ‘मला उत्पन्न नाही’ असं लिहिता येतं. नोकरदाराचं फॉर्म १६ निदान सापडतं.

आणि ही शपथपत्रंसुद्धा अनेक कोर्टांत घेतलीच जात नव्हती. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आपलाच निकाल पुन्हा सगळ्या कोर्टांना पाठवा असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

त्याच २०२० च्या निकालात माझ्या मुद्द्याची एक जागा आहे. संसारासाठी, मुलांसाठी जिने नोकरी सोडली तिच्या त्यागाला महत्त्व दिलं पाहिजे, कारण मधली वर्षं गेल्यावर आजच्या स्पर्धेत तिला नव्याने प्रशिक्षण घेऊन सुरुवात करावी लागेल, असं कोर्ट म्हणतं. लग्न अल्पकाळ टिकलं असेल तर आयुष्यभराची पोटगी अन्यायाची ठरेल, असंही म्हणतं. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत आणि एकाच तत्त्वातून येतात. जितकी वर्षं संसारात घातली तितकं देणं. पण पुढे निकषांच्या लांब यादीत ती दोन्ही विरून जातात. यादी आली की वजन कशाला किती द्यायचं हे मोकळं राहतं. डिसेंबर २०२४ च्या परवीन कुमार जैन निकालात पुन्हा आठ निकष आले, आणि त्यात ठरलेल्या ५ कोटींची मात्र मथळे करून चर्चा झाली. पाठोपाठ १२ कोटींचा दुसरा निकाल आला. त्यात न्या. नागरत्ना यांनी स्पष्ट केलं की पोटगी म्हणजे दोघांची संपत्ती समान करणं नव्हे. बरोबरच आहे. पण मग पोटगी म्हणजे नेमकं काय, याचं एका वाक्यात उत्तर आपल्या कायद्याकडे अजून नाही.

एक विसंगती मला फार खुपते. गृहिणीच्या कामाला किंमत असते हे आपल्या न्यायालयांना उत्तम ठाऊक आहे. फक्त ती किंमत ती मेल्यावर काढली जाते. मोटार अपघातात गृहिणी गेली तर विमा कंपनीने भरपाई द्यायची आणि ती ठरवताना तिच्या घरकामाचं कल्पित उत्पन्न धरायचं, हे तत्त्व पक्कं झालेलं आहे. जानेवारी २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात न्या. रमणा यांनी २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचे आकडे दिले : घरच्या बिनपगारी कामात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. (२०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आहेत. पाच वर्षांत दोघांचंही काम थोडं कमी झालं, दरी तशीच.) भविष्यात तिचं हे उत्पन्न वाढलं असतं असं धरून भरपाईत भर घालायलाही कोर्ट तयार झालं. आता तीच बाई जिवंत आहे आणि घटस्फोटाच्या दाव्यात उभी आहे. तिच्या त्याच २९९ मिनिटांचं काय होतं? ती ‘नवऱ्यावर अवलंबून’ होती, असं लिहिलं जातं.

मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये हे उलटं करून दाखवलं. नवरा सौदी अरेबियात नोकरीला, बायको इथे घर आणि मुलं सांभाळणारी. तिने घर सांभाळलं म्हणून त्याला तिकडे निर्धास्त कमावता आलं, तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा निम्मा वाटा आहे, असं न्या. कृष्णन रामस्वामी यांनी म्हटलं. तो खटला पोटगीचा नव्हता, मालमत्तेचा होता. म्हणूनच कदाचित कोर्टाला ‘हिची गरज किती’ हे विचारावं लागलं नाही.

आकड्यांनी बोलू. एक जोडपं धरू, मूल नसलेलं. लग्नाच्या वेळी दोघंही इंजिनीअर, पगार साधारण सारखा. त्याच्या बदल्या होत गेल्या, दुसऱ्या बदलीला तिने नोकरी सोडली, पुढे सासूबाईंचं आजारपण तिनेच काढलं. दहा वर्षांनी वेगळे झाले तेव्हा त्याच्या हातात महिना १,८०,००० येतात. तिला आज सुरुवात केली तर ३५,००० ची नोकरी मिळू शकते. पंचवीस टक्क्यांच्या हिशेबाने, ती घरी बसून असेल तर ४५,००० मिळू शकतात. नोकरी धरली तर ‘स्वतःचं भागवू शकते’ हा मुद्दा उभा राहतो. कोर्ट पोटगी शून्य करेलच असं नाही. २००७ च्या चतुर्भुज विरुद्ध सीताबाई निकालाने सांगून ठेवलं आहे की बाई थोडंफार कमावते एवढ्यावरून तिला नाकारू नये. पण ते न्यायाधीशावर आहे, आणि वकील धोका पत्करत नाही. तो सांगतो, निकाल लागेपर्यंत नोकरीचं बघू नका. निकाल लागायला पाच वर्षं लागतात. पस्तिशीतली बाई चाळिशीत जाते आणि मग खरोखरच नोकरी मिळत नाही.

कॅनडाने २००८ मध्ये सल्लावजा मार्गदर्शक सूत्रं पक्की केली, दोन कायद्याच्या प्राध्यापकांनी तयार केलेली. ती बंधनकारक नाहीत, आणि आधी पोटगीचा हक्क सिद्ध व्हावा लागतो. मूल नसेल तर हिशेब असा : दोघांच्या उत्पन्नातल्या फरकाच्या दीड ते दोन टक्के, गुणिले सहजीवनाची वर्षं. देण्याची मुदत, दर वर्षाच्या सहजीवनामागे सहा महिने ते एक वर्ष. (तिकडे करकपातीआधीचं उत्पन्न धरतात, इथे सोयीसाठी हातात येणारं धरू.) आपल्या जोडप्याला हे लावलं तर ती घरी असताना २७,००० ते ३६,००० मिळतील. नोकरी धरली तर पोटगी २१,७५० ते २९,००० होईल, पण पगारासकट तिच्या हातात ५६,७५० ते ६४,००० येतील. पाच ते दहा वर्षांत देणं संपेल. म्हणजे नोकरी केल्याने तिचं नुकसान कधीच होत नाही, नवऱ्याचं देणं मात्र कमी होतं आणि त्याला शेवटही असतो. लग्न दोन वर्षांचं असतं तर हीच रक्कम एक पंचमांश झाली असती. हे टक्के इथे जसेच्या तसे आणा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे आईवडिलांची जबाबदारी आहे, पगाराबाहेरचं उत्पन्न आहे, टक्के वेगळे निघतील. फरक आणि वर्षं यांच्यावर हिशेब उभा करा, एवढंच.

पुरुषांच्या संघटनांची तक्रार असते की बायका पोटगीला धंदा करतात. या तक्रारीत मला पूर्ण असत्य दिसत नाही. सहा महिन्यांच्या लग्नानंतर आयुष्यभराची रक्कम मागणारे दावे असतात, आणि उच्चशिक्षित, सक्षम बायकोने रिकामं बसून राहण्यावर अनेक उच्च न्यायालयांनी ताशेरे मारले आहेत. पण त्यांचा उपाय, म्हणजे शिकलेली असेल तर पोटगी नाही, हा त्याच चुकीच्या प्रश्नाची दुसरी बाजू आहे. पदवी म्हणजे पगार नव्हे. पंधरा वर्षांपूर्वीचं बी.ई. आणि मध्ये रिकामी जागा असलेला बायोडेटा घेऊन मुलाखतीला गेलेल्या बाईला विचारा. दुसऱ्या बाजूला स्त्रीहक्काची बाजू मांडणाऱ्यांतही एक सवय आहे, बाईला शक्य तितकं असहाय दाखवण्याची. दावा जिंकायला ती उपयोगी पडत असेल. पण जी नोकरी सांभाळून घरही चालवत होती, जिने मुलाच्या आजारपणात तीन बढत्या नाकारल्या, तिचं नुकसान या असहायतेच्या चौकटीत बसतच नाही. ती कमावते, म्हणून तिला काही मिळत नाही.

वर्तनाचा मुद्दा मी थोडक्यात संपवतो. कलम १२५ (आता १४४) खाली व्यभिचारात राहणाऱ्या बायकोला पोटगी नाही. कलम २५ खाली पोटगी घेणारी ‘पतिव्रता’ राहिली नाही किंवा पोटगी घेणाऱ्या नवऱ्याने परस्त्रीशी संबंध ठेवले तर कोर्ट आदेश बदलू शकतं. या तरतुदींमुळे पोटगीच्या दाव्यात खाजगी गुप्तहेर, मोबाइलचे स्क्रीनशॉट आणि शेजाऱ्यांच्या साक्षी येतात. ज्या कामाची भरपाई द्यायची ते होऊन गेलेलं आहे, नंतर कुणी कुणाबरोबर राहिलं याने ते पुसलं जात नाही. नैतिकतेचा चष्मा कुठवर नेतो त्याचं उदाहरण घरचंच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने एका जुन्या निकालात, लग्न कायद्याने रद्दबातल ठरलेल्या बाईसाठी ‘अवैध पत्नी’ असा शब्दप्रयोग केला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का देणारा ठरवला आणि अशा लग्नातही कलम २५ ची पोटगी देता येते असं सांगितलं.

सूत्र नसण्याचा सगळ्यात मोठा तोटा निकालपत्रांत दिसत नाही, तो तडजोडीत दिसतो. पुष्कळ घटस्फोट शेवटी संमतीने होतात. एकरकमी आकडा ठरतो, अर्धे पहिल्या मोशनला (म्हणजे कोर्टापुढच्या पहिल्या संमती-अर्जाच्या वेळी), अर्धे दुसऱ्याला. हा आकडा कशाने ठरतो? न्यायाधीश काय देतील याचा अंदाज दोघांनाही नसतो, म्हणून ज्याला थांबणं परवडतं त्याच्या बाजूने तो झुकतो. बहुधा थांबणं परवडतं ते कमावत्याला. मग दुसरी बाजू आपलं वजन वाढवायला छळाची फौजदारी तक्रार करते, कधी खरी, कधी फुगवलेली, आणि ‘तुम्ही केस मागे घ्या, आम्ही पैसे वाढवतो’ असा सौदा सुरू होतो. रकमेची साधारण कमान आधी माहीत असती तर या सौद्याला फार जागा उरली नसती. चांगले समुपदेशकही मग हातात काही घेऊन बोलू शकले असते. आज ते फक्त समजूत काढतात.

खरं तर दरमहा पोटगीपेक्षा मालमत्तेची वाटणी हा स्वच्छ मार्ग आहे, आणि तो शेजारी गोव्यात चालू आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या तिथल्या दिवाणी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची समाईक होते आणि घटस्फोटात निम्मी-निम्मी. गोव्याच्या सीमेजवळच्या बांद्याच्या अलीकडे, महाराष्ट्रात आलात की तीच बाई नवऱ्याच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये निव्वळ राहणारी ठरते, भले त्याचे हप्ते तिच्या पगारातून घर चालल्यामुळे फिटले असोत. घटस्फोटित बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारं विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केलं होतं. लोकसभेत ते चर्चेला आलंच नाही, २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते रद्द झालं. त्यानंतर समान नागरी कायद्यावर एवढं बोललं गेलं, पण गोव्याचा दाखला देणाऱ्यांना नेमकं हे कलम फारसं आठवत नाही.

संसदेची वाट न पाहता होण्यासारखंही बरंच आहे. उच्च न्यायालयाला आपल्या अखत्यारीतल्या फॅमिली कोर्टांसाठी सल्लावजा सूत्र आखून देता येईल, कॅनडासारखं, न बांधणारं पण त्यापासून दूर गेलं तर कारण लिहायला लावणारं. मे २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने महिना ५०,००० पोटगी ठरवताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ जोडून दिली. ही ओळ प्रत्येक आदेशात हवी, नाहीतर महागाईने खाल्लेली रक्कम वाढवून घ्यायला तीच बाई पुन्हा नव्याने अर्ज करते.

आणि वसुली. आदेश मिळणं ही निम्मी लढाई सुद्धा नाही. कलम १२५ च्या, म्हणजे आताच्या १४४ च्या, रचनेत थकबाकीसाठी एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, पैसे दिले नाहीत तर नवऱ्याला तुरुंगात पाठवता येतं, आणि तुरुंगात गेलेला माणूस कमावत नाही. त्याऐवजी पगारातून थेट कापून घेणं केव्हाही बरं. नांदेडच्या त्या शिक्षिकेच्या प्रकरणात कोर्टाने मुख्याध्यापिकेलाच सांगितलं होतं की थकबाकीपोटी दरमहा ५,००० पगारातून कापून कोर्टात भरा. म्हणजे हत्यार आहे, चालतं. ज्याला पगार नाही, जमीन आहे, त्याच्यासाठी कलम २५ मध्येच सोय आहे : पोटगीच्या रकमेचा बोजा देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो. जमीन त्याच्या नावावर असेल तर सात-बाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेच्या कर्जासारखी ती नोंद होऊ शकते, आणि मग ती जमीन विकताना खरेदीदार आधी तिच्याकडे येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. तिच्या वकिलाने अर्जात ही मागणी लिहावी लागते, आणि बहुतेक अर्जांत ती नसते.